गाडीला एकच किल्ली

किल्ली मीच धुतली. दुसऱ्या कोणावर ढकलायचीही सोय नाही, कारण घरात कपडे मीच धुते. एप्रनच्या खिशात राहिली, मशीनमध्ये गेली, साबणाच्या पाण्यात गरगरली आणि पिळून बाहेर आली. बाबांनी ती कोरड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. "वाळली की चालेल," म्हणाले. मोबाइल पाण्यात पडला की हेच करतात, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना 'श्वास धरा, हलू नका, सोडा' सांगायचं. घरी येईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. अशा माणसाने धुण्याआधी खिसे तपासावेत ही अपेक्षाच जास्त आहे.

साधी गाडी असती तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दुसरी किल्ली घासून आणली असती. पण ही बाहेरून आलेली. तिकडे कोणीतरी काही वर्षं वापरली, मग ती जहाजात चढून इकडे आली, आणि बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतली. उभा जन्म त्यांनी कुरिअर कंपनीची गाडी चालवली, दुसऱ्याची. पत्ता सांगितला की ते दाराचा रंग आणि कुत्रा चावरा आहे की नाही ते सांगायचे. स्वतःची गाडी घेतली तेव्हा पहिला आठवडा त्यांनी ती नुसती पुसण्यात घालवला.

तिच्यात सगळंच परकं. पडद्यावरची अक्षरं कोणाच्या बापाला वाचता येत नाहीत. सुरू केली की एक बाई तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सूचना देते. तिला गप्प कसं करायचं ते कोणालाच जमलं नाही, म्हणून बाबा तिला "हो हो, निघालोच" असं उत्तर देतात. आणि किल्ली म्हणजे किल्लीच नाही, एक काळी डबी. ती जवळ असली की गाडीला आपोआप कळतं, आपण फक्त बटण दाबायचं. दार उघडण्यापुरतं एक बारीक पातं तिच्या पोटात असतं, पण त्याने गाडी सुरू होत नाही. ती डबीसुद्धा एकच. "बाहेरून येणाऱ्या गाडीला एकच किल्ली येते," बाबा पहिल्यापासून सांगत आले होते. मी कशाला खोटं मानू?

ती एकुलती एक किल्ली माझ्याकडे आली, कारण गेल्या वर्षी बाबांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली. खांब आडवा झाला, बाबांना खरचटलंही नाही. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि माझ्या धाकट्या भावाने फोनवरून फर्मान काढलं की बाबांनी यापुढे गाडी चालवायची नाही. धाकटा दुसऱ्या शहरात राहतो. फर्मानं तिकडून निघतात, अंमलबजावणी माझ्याकडे असते. तो मला ताई म्हणतो म्हणून घरात सगळेच ताई म्हणायला लागले, बाबासुद्धा. "घे ताई," म्हणत त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि आत जाऊन पडले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तर ती किल्ली तांदळातून काढली आणि सकाळी कामावर निघाले. बटण दाबलं, गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. पुन्हा. शेवटी दोन बस बदलून, उभ्याने, उशिरा पोचले आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सहज बटण दाबून पाहिलं, तर पहिल्या झटक्यात सुरू. तिकडची बाई बोलायला लागली. "बघ, वाळली," बाबा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी पुन्हा ढिम्म.

असे किती दिवस गेले कोण जाणे. सकाळी कामावर जाताना हमखास बंद, संध्याकाळी बाबांना घेऊन बाहेर पडले की हमखास सुरू. मी माझ्या परीने शोध लावला की किल्लीला ऊब लागते. म्हणून सकाळी चहाच्या भांड्याशेजारी ठेवली. रात्री उशीखाली घेऊन झोपले. धाकट्याने फोनवर सेल बदलायला सांगितलं, तोही बदलला. काही फरक नाही. "गाडी माणूस ओळखते," बाबा म्हणायचे, आणि त्यातला टोमणा मला बरोबर कळायचा.

तेव्हापासून बाबा सगळीकडे माझ्याबरोबर यायला लागले. भाजी आणायला निघाले की बाबा चप्पल घालून तयार. बँकेत, औषधांच्या दुकानात, गिरणीत. "घरात बसून कंटाळा येतो, येतो मी." आत कुठे यायचे नाहीत, गाडीत बसून राहायचे. खरं सांगायचं तर मला वैताग यायचा. एक काम करायला जावं तर बरोबर हे दुसरं. त्यांना उतरवा, चढवा, पट्टा लावून द्या, वाटेत त्यांच्या जुन्या घरांच्या गोष्टी ऐका. एकदा तर कामावरसुद्धा आले. गाडी लगेच सुरू झाली. हॉस्पिटलशी मी उतरले, ते बसने परत जाणार होते. माझी ड्यूटी सुटेपर्यंत गाडी पुन्हा मेलेली, म्हणून मीही बसनेच आले, तर बाबा दारात कुलूप उघडत होते. "इतका वेळ कुठे होता?" "पाय मोकळे केले जरा," म्हणाले. मला पुढे विचारायचंही त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने जाऊन गाडी आणली. लगेच सुरू झाली, हे सांगायलाच नको.

नवी किल्ली करायची हे ठरलं तेव्हा मला वाटलं होतं की एका सुट्टीचं काम आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, अशी गाडीच नाही. मी म्हटलं, बाहेर उभी आहे, येऊन बघा. ती आली, तिने बघितली, छान आहे म्हणाली. पण तिच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती, म्हणजे नव्हती. ज्या दलालाकडून घेतली त्याच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. मी तिथेही आत जाऊन विचारलं. गादी दाखवली त्यांनी, दाबून बघा म्हणाले. मी दाबली आणि तिथेच झोपावंसं वाटलं.

शेवटी ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने एका किल्लीवाल्याचा पत्ता दिला. हा माणूस बोलघेवडा. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने आपल्याकडच्या दुकानात मिळणारी तशीच दिसणारी डबी आणून लावून पाहिली. गाडीने ढुंकून पाहिलं नाही. "स्टेशन वेगळं लागतं मॅडम," तो म्हणाला. "रेडिओसारखं. तिकडच्या गाड्या वेगळ्या स्टेशनवर ऐकतात, इकडच्या वेगळ्या. तिकडूनच मागवावी लागेल." मागवली. मग वाट बघणं. मी फोन केला की "वाटेत आहे" म्हणायचा. कुठल्या वाटेत, ते त्यालाही ठाऊक नसावं. एकदाचा त्याचाच फोन आला की दोन डब्या आल्यात, गाडी घेऊन या. "आणि मॅडम, जेवढ्या किल्ल्या चालू ठेवायच्या असतील तेवढ्या सगळ्या आणा."

"एकच आहे," मी म्हटलं.

"मग एक आणा."

एरवी माझ्याआधी चप्पल घालणाऱ्या बाबांचा त्या दिवशी पाय निघत नव्हता. बाथरूममध्येच बसून राहिले. मग म्हणाले गुडघा दुखतोय, तू जा. मी एकटी जाऊन गाडीत बसले, बटण दाबलं, ढिम्म. डोकं स्टिअरिंगवर टेकवून बसून राहिले. एक सुट्टी मिळते, तीही अशी जाणार, म्हणून रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. बाबा येऊन बसले. मी बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. त्या बाईला त्यांनी आज उत्तर दिलं नाही. वाटेत मात्र जरा खुलले. किल्लीवाल्याच्या गल्लीत शिरलो तसं म्हणाले, "ही माझीच गल्ली. रोज दोन फेऱ्या असायच्या इथे."

दुकान म्हणजे एक खोका. तिन्ही भिंतींवर किल्ल्या लटकलेल्या, त्याला वळायचं झालं तर खांद्याने दोन-चार वाजायच्या. बाबा रस्त्याच्या कडेला गाडीतच बसले. मी माझी किल्ली काउंटरवर ठेवली. किल्लीवाल्याने नखाने डबी उघडली, डोळ्यांजवळ नेली, मग वास घेतला.

"धुतली?"

"धुतली."

"ही मेलेली आहे."

"नाही हो, कधी कधी चालते. आत्ता हिनेच तर आलो."

त्याने ती एका छोट्या यंत्रावर ठेवली. स्वतःच्या खिशातली किल्ली ठेवून दाखवली, दिवा लागला. माझी ठेवली, लागला नाही. "हिने तुम्ही आला नाहीत मॅडम. ही कधीच गेली." मग पडदा असलेलं दुसरं मशीन आणि वायर घेऊन बाहेर आला, बाबांना नमस्कार करून स्टिअरिंगखाली कुठेतरी ती जोडली, पडदा बघितला आणि मला हाताने खूण करून पुन्हा दुकानात बोलावलं.

"गाडीत दोन किल्ल्यांची नोंद आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि त्यातली एक आत्ता आतच आहे." त्याने गाडीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. फिल्म हातात आली की मी पेशंटशी अशीच वागते. बघितलेलं असतं, पण सांगायचं काम आपलं नसतं.

ऊब नव्हती, सेल नव्हता, काही नव्हतं. बाबा होते. बाबा असले की गाडी सुरू व्हायची, आणि ते कळायला मला हा परका माणूस लागला.

"समजा, ती दुसरी मिळाली नाही, तर?" मी विचारलं.

"तर गाडीचा कॉम्प्युटर उचकटून बाहेरगावी पाठवायचा. कधी येईल सांगता येत नाही. आला तरी चालेल याची खात्री नाही."

म्हणजे पुन्हा बस. मी बाहेर आले आणि गाडीत बाबांशेजारी जाऊन बसले. ते समोर बघत होते.

"बाबा, खिशात काय आहे?"

"रुमाल."

"रुमालात?"

त्यांनी आतल्या खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर उलगडला. किल्ली नवीकोरी होती. माझ्या किल्लीच्या बटणावरचं रबरसुद्धा झिजून गेलेलं, हिच्यावर ओरखडा नाही.

"एकच येते म्हणाला होतात."

"दोन आल्या होत्या."

"मी इतके दिवस बसमध्ये लोंबकळत जातेय, बाबा. उशीखाली किल्ली घेऊन झोपले मी. आणि ही तुमच्या रुमालात?"

"मी येत होतो ना तुझ्याबरोबर," ते म्हणाले.

मला इतका राग आला होता की दारावर मूठ आपटावीशी वाटली. पण ते खरंच येत होते. किल्ली देता येत नव्हती म्हणून स्वतःला आणून बसवत होते, ऊन असो की गुडघा दुखत असो.

"चालवलीत?" मी विचारलं. विचारायचं ते हेच होतं. इतर सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. मी दमून मेल्यासारखी झोपते. त्या वेळात बाबा या गाडीतून बाहेर पडत असतील, कुठल्या खांबावर, कुठल्या पोरावर घालत असतील, आणि मी घोरत असेन.

"एकदा."

"कधी?"

"तू झोपली होतीस. लांब नाही गेलो."

"मग?"

"मग काय. आणली परत." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि रुमालाची घडी घातली. "पुन्हा नाही नेली. शप्पथ घेतो पाहिजे तर."

मला ते खरं वाटलं. का वाटलं ते सांगता येणार नाही, पण वाटलं.

किल्लीवाल्याने बाबांची किल्ली घेतली आणि तिच्या आधाराने दोन नव्या डब्या गाडीला ओळखायला शिकवल्या. बराच वेळ गेला. गाडीतली बाई मधूनमधून काहीतरी हरकत घेत होती. मग तो दाराशी वाकून म्हणाला, "झालं. धुतलेली सोडून आता तीन झाल्या. काकांची ठेवायची की काढून टाकायची?"

हे त्याने बाबांसमोर विचारायला नको होतं. मला उत्तर माहीत होतं. धाकटा इथे असता तर प्रश्न संपायच्या आत बोलला असता. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, "ठेवा." आयुष्यभर ज्याच्या खिशात गाडीची किल्ली होती, त्याचा खिसा रिकामा करायचं बळ त्या दिवशी माझ्यात नव्हतं.

"काढून टाका," बाबा म्हणाले.

"राहू दे बाबा. नुसती खिशात असली म्हणून काय होतंय?"

"नको. काढा ती."

"रागावून बोलू नका उगीच."

"रागावलो नाही," ते म्हणाले, आणि खरंच आवाजात राग नव्हता.

किल्लीवाल्याने मान डोलावली. गाडीजवळ ज्या किल्ल्या असतील त्या राहतात, जी हजर नसेल ती कायमची बाद, असं त्याने समजावून सांगितलं. "म्हणून हिला इथून लांब न्यायला हवं. मागे एकदा एका गिऱ्हाइकाने जवळच खिशात ठेवली होती, मशीनने तिलाही धरलं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. तेव्हापासून कानाला खडा लावलाय मी. तिकडे कोपऱ्याच्या पलीकडे घेऊन जा कोणीतरी."

"मी जाते," मी म्हटलं.

"तुम्ही नाही, तुम्ही इथे बटण दाबायला लागाल."

"मी जातो की," बाबा म्हणाले. पट्टा त्यांनी स्वतःच सोडला. किल्ली परत रुमालात गुंडाळली, खिशात घातली आणि गल्लीतून चालत गेले. कुलपांचं दुकान, पडदे शिवणारा, चष्मेवाला. कोपऱ्यावर एकदा मागे बघितलं आणि वळले.

मी स्टिअरिंगमागे बसून किल्लीवाला सांगेल तेव्हा बटण दाबत होते. मला हलकं वाटत होतं, तेही लिहिलं पाहिजे. उद्यापासून गाडीने कामावर जायचं. झोपताना दाराकडे कान द्यायचा नाही. आणि हे सगळं बाबांनी आपणहून केलं, मला वाईट व्हावं लागलं नाही. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

"बस," किल्लीवाला म्हणाला. पडद्यावर पुन्हा दोनचा आकडा आला. त्याने वायर गुंडाळली, नव्या डब्या माझ्या तळहातावर ठेवल्या, आणि धुण्याआधी खिसे बघत चला, असा सल्लाही दिला. मी हसले. बाबांची वाट बघत दाराला टेकून उभी राहिले. ते येईनात. मला वाटलं, रुसले असतील. नाही म्हणाले तरी राग आलाच असणार. बसले असतील कुठेतरी बाकावर. अजून थोडी थांबले, मग चरफडत निघाले, की इथेही समजूत माझीच काढायची.

कोपऱ्यावर बाक नव्हता, बाबाही नव्हते. पुढच्या वळणावर दिसले. एका बंद शटरसमोर, फुटपाथच्या कडेला, माझ्याकडे पाठ करून. वरची पाटी वाचत होते. मग डावीकडे चार पावलं गेले, थांबले, परत आले. उजवीकडे गेले, परत आले. ती चाल मी रोज बघते. माझ्या एक्स-रेच्या खोलीतून बाहेर पडलेली म्हातारी माणसं कॉरिडॉरमध्ये अशी करतात, कुठल्या दाराने आलो ते आठवेना की. घाई नसते त्यांना. कोणी बघू नये एवढीच काळजी असते.

ही त्यांची गल्ली होती. रोज दोन फेऱ्यांची. मी तिथेच थांबले. त्या दिवशी हॉस्पिटलहून बसने यायला बाबांना एवढा वेळ का लागला ते कळलं. एकदाच चालवली आणि मग स्टिअरिंगला हातही लावला नाही, ते का, हेही कळलं. खांब मोतीबिंदूने पाडलेला नव्हता. डॉक्टरला कळलं नव्हतं, धाकट्याला नव्हतं, रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मला नव्हतं. फक्त बाबांना ठाऊक होतं, आणि ते एकटेच ते घेऊन फिरत होते.

"बाबा," मी हाक मारली.

ते वळले. मला बघून त्यांचा चेहरा सैल झाला, मग लगेच त्यांनी तो नीट केला. खिशातला रुमाल काढून वर धरून दाखवला.

"एवढं लांब पुरे ना? तो म्हणाला होता लांब जा."

"पुरे, बाबा. झालं काम."

"नाहीतर अजून थोडं जातो."

"नको. चला घरी."

"चल," ते म्हणाले. "तू हो पुढे." आणि मी कुठल्या बाजूला वळते ते बघत उभे राहिले.